चित्रपटगृहाची वाट : कोळवण ते कोथरूड



कोळवण हे चित्रपटगृहाचे गाव नव्हे. पौड सोडून तिकोन्याच्या दिशेने निघालेला रस्ता वळकी नदीच्या खोऱ्यात शिरतो. दोन्ही अंगांना भातखाचरे, त्यांच्यामागे डोंगरांच्या रांगा आणि पावसाळ्यात चार महिने कोसळणारा पाऊस, असा हा मुलूख आहे. अशा ठिकाणी चित्रपटगृहांच्या भवितव्याची चर्चा कशासाठी, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, चित्रपटगृहाची भरभराट वा घसरण केवळ त्याच्या इमारतीकडे पाहून कळत नाही. प्रेक्षक घरातून निघून पडद्यासमोर बसेपर्यंत त्याला किती अंतर काटावे लागते, किती पैसे मोडावे लागतात आणि रात्री परतण्यास वाहन मिळते की नाही, यावरून ती कळते. हा हिशेब शहरापेक्षा कोळवणसारख्या गावातून अधिक स्पष्ट दिसतो.

दुसरेही एक कारण आहे. मुळशी तालुक्याचा पूर्व भाग आता खेड्यांचा राहिलेला नाही. हिंजवडीला माहिती तंत्रज्ञानाची नगरी वसली, पिरंगुटच्या आसपास कारखाने उभे राहिले, भूगावपर्यंत इमारती पोहोचल्या. २०१५ साली पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. २०२१ साली पुणे महानगरपालिकेत जी २३ गावे समाविष्ट झाली, त्यांत बावधन बुद्रुक, सूस आणि म्हाळुंगे ही याच तालुक्यातील गावे होती. शहर ज्या बाजूने सरकत आहे, त्याच बाजूला कोळवण आहे. तेव्हा उपनगरांतील चित्रपटगृहांचे काय झाले, हे जाणून घेणे येथील पंचायत सदस्यांच्या आणि शिक्षकांच्या दृष्टीने अगत्याचे ठरते.

पडदा आला तो शहरात

हिंदुस्थानात चलच्चित्रांचा पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. पुण्यात मंडईच्या परिसरात १९१५ साली आर्यन चित्रपटगृह सुरू झाले. १९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आली आणि तिने आपला स्टुडिओ एरंडवण्यात, म्हणजे त्या काळच्या शहराच्या पश्चिम वेशीबाहेर उभारला. पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, अप्पा बळवंत चौकाजवळ प्रभात चित्रपटगृहाचा आरंभ झाला.

याप्रमाणे मराठी चित्रपटाची एक मोठी कर्मशाळा मुळशीच्या वाटेवरच उभी होती. तथापि चित्रपट निर्माण होण्याचे ठिकाण आणि तो पाहण्याचे ठिकाण यांत मोठे अंतर होते. चित्रपटगृहाला वीज लागते, रस्ता लागतो आणि रोज नवा प्रेक्षक देणारी वस्ती लागते. मुळशी धरणाच्या पाण्यावर भिरा येथे १९२७ पासून वीज तयार होऊ लागली. परंतु ती वीज मुंबईच्या गिरण्यांना, आगगाड्यांना आणि ओघानेच तेथील नाटक-सिनेमाच्या दिव्यांना उजेड देण्यासाठी गेली. ज्या तालुक्याचे पाणी त्यात खर्ची पडले, त्या तालुक्यातील खेडी त्यानंतर अनेक वर्षे कंदिलावर राहिली. कायमचे चित्रपटगृह खेड्यात का उभे राहिले नाही, याचे एक कारण येथेच सापडते.

तंबूतला सिनेमा

जेथे इमारत पोहोचली नाही, तेथे तंबू पोहोचला. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला चित्रपटाची गोडी लावण्याचे श्रेय प्रामुख्याने फिरत्या चित्रपटगृहांचे आहे. लोक त्यांना टुरिंग टॉकीज म्हणत. एक मालमोटार, तीत प्रक्षेपणयंत्र, डिझेलवर चालणारे जनित्र, पडदा, कनाती, बांबू आणि आठ-दहा माणसे, एवढाच त्यांचा संसार असे. दसरा-दिवाळी उलटली की हा संसार रस्त्याला लागे आणि मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी मुक्कामी परते. मधल्या काळात गावोगावच्या जत्रा, उरूस आणि आठवडी बाजार हेच त्यांचे वेळापत्रक असे.

या व्यवसायाची रीत जाणून घेण्यासारखी आहे. नव्या चित्रपटाच्या प्रती मोजक्या निघत. त्या प्रथम मोठ्या शहरांत, नंतर जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी आणि अखेरीस तंबूत येत. तंबूत येईपर्यंत फीत झिजलेली असे, तिला जागोजागी जोड दिलेले असत आणि पडद्यावर पावसाच्या सरींसारख्या रेघा दिसत. बहुधा एकच यंत्र असल्याने प्रत्येक रिळानंतर दिवा लागे आणि पुढचे रीळ चढेपर्यंत खेळ थांबे. जमिनीवर बसलेल्या प्रेक्षकांत स्त्रियांसाठी दोरी वा कनात लावून वेगळी जागा केलेली असे. शेतात राबणाऱ्या स्त्रीला रात्रीच्या वेळी, घरच्यांचा विरोध न होता, चार मैत्रिणींसह जाऊन बसता येईल अशा सार्वजनिक जागा खेड्यात फार थोड्या होत्या. देऊळ ही एक, आणि तंबू ही दुसरी.

चित्रपट काय दाखवावा, हेही प्रेक्षकच ठरवीत. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ला १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव लाभला, ही गोष्ट खेड्यातल्या प्रेक्षकाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आपल्या वारीतला तुकोबा पडद्यावर दिसतो, एवढे त्याला पुरेसे होते. पौराणिक चित्रपट, तमाशापट आणि १९७१ च्या ‘सोंगाड्या’पासून दादा कोंडके यांचे चित्रपट यांनी हे तंबू भरभरून चालविले.

शासनाचेही फिरते पडदे होते. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट आणि वार्तापट घेऊन केंद्र व राज्य शासनांच्या प्रसिद्धी खात्यांच्या गाड्या खेड्यांत जात. शाळेच्या भिंतीवर पांढरे कापड ताणले जाई आणि सुधारित बियाणे, देवीची लस, कुटुंबनियोजन, पंचवार्षिक योजना यांची माहिती त्यावर दिसे. करमणुकीचा आणि माहितीचा पडदा तेव्हा एकच होता.

पेठांमधील सुगी

स्वातंत्र्यानंतरची तीन दशके ही एकपडदा चित्रपटगृहांची सुगी होय. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली प्रकाशित झाला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. अडीच वर्षे एकाच पडद्यावर एकच चित्रपट चालतो, याचा अर्थ केवळ पुणेकरांनी तो पाहिला असा होत नाही. आसपासच्या तालुक्यांतून बाजारासाठी, दवाखान्यासाठी वा कोर्टकचेरीसाठी आलेला माणूस काम उरकून दुपारच्या खेळाला जाई आणि संध्याकाळची शेवटची एसटी पकडे. मुळशीकडील प्रेक्षकासाठी डेक्कन जिमखाना आणि लकडी पुलापलीकडील पेठा हाच चित्रपटाचा प्रांत होता. तेथील एका चौकाला आजही अलका टॉकीज चौक असेच म्हटले जाते. चित्रपटगृह ही तेव्हा पत्ता सांगण्याची खूण होती.

या चित्रपटगृहांची बैठक समाजाच्या रचनेसारखीच होती. पुढे स्वस्त दराचे बाक, मागे खुर्च्या, वर बाल्कनी. दर वेगळे, दार वेगळे. परंतु पडदा एक आणि हशा एक. हमाल, कारकून, प्राध्यापक आणि व्यापारी एकाच वेळी एकाच छताखाली बसत. चित्रपटगृहाच्या आधाराने यंत्रचालक, द्वारपाल, तिकीट खिडकीवरील कारकून, फलक रंगविणारे चित्रकार, चणे-शेंगदाणे विकणारे, सायकलतळ सांभाळणारे आणि समोरचा चहावाला अशी अनेक कुटुंबे जगत. त्यामुळे एखादे चित्रपटगृह बंद पडले म्हणजे केवळ एक धंदा बसला असे होत नसे. सारा चौक निस्तेज होई.

ओहोटीची कारणे

ही भरती ओसरली कशी? २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झाले. १९७३ मध्ये सिंहगडावरून प्रक्षेपण होऊ लागले आणि पुणे परिसरात घरबसल्या चित्र दिसू लागले. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली. पाठोपाठ व्हिडिओ आला. ज्या गावात तंबू वर्षातून एकदा येई, तेथे भाड्याचा व्हिडिओ संच रातोरात तीन-तीन चित्रपट दाखवू लागला. १९८३ साली आर्यन बंद झाले. १९९० नंतर केबल आणि उपग्रह वाहिन्या आल्या.

तथापि सर्व दोष दूरचित्रवाणीला देणे न्यायाचे होणार नाही. चित्रपटगृहाच्या अर्थकारणातच एक पेच होता. १९२३ च्या करमणूक कर कायद्यानुसार तिकिटाच्या मूळ दरावर कर बसे आणि मुंबईत त्याचे प्रमाण ४५ टक्क्यांपर्यंत गेले होते. तिकीट महाग करावे तर पुढच्या बाकावरचा प्रेक्षक तुटतो. स्वस्त ठेवावे तर खुर्च्या दुरुस्त होत नाहीत, पंखे बंद पडतात, स्वच्छतागृहे घाण राहतात. अशा स्थितीत प्रथम कुटुंबे येईनाशी झाली, मग स्त्रिया येईनाशा झाल्या. ज्या चित्रपटगृहात स्त्रिया येत नाहीत, ते टिकत नाही, असा या व्यवसायातील अनुभव आहे. १९९१ च्या ‘माहेरची साडी’ने हा नियम उलट बाजूने सिद्ध केला. गावोगावच्या स्त्रिया बाहेर पडल्या आणि ओस पडलेली चित्रपटगृहे पुन्हा भरली.

याच काळात जागेची किंमत वाढत होती. शहराच्या मध्यभागी हजार खुर्च्यांची इमारत चालविण्यापेक्षा त्या भूखंडावर दुकाने काढणे मालकाला अधिक किफायतशीर वाटू लागले. चित्रपटगृहाच्या जागेचा पुनर्विकास करताना तेथे चित्रपटगृह राखले जावे, ही शासनाची अट आणि ती शिथिल व्हावी, ही मालकांची मागणी, यांतील ओढाताण दीर्घकाळ चालली. अनेक वास्तू या ओढाताणीत कुलूपबंद उभ्या राहिल्या.

हे केवळ महाराष्ट्रात घडले असे नव्हे. ब्रिटनमध्ये १९४६ साली चित्रपटगृहांत १६३ कोटींहून अधिक तिकिटे विकली गेली होती. १९८४ साली ती संख्या सुमारे साडेपाच कोटींवर आली. तेथेही पहिला घाव बसला तो उपनगरांतील चित्रपटगृहांवर. लोक शहराच्या गाभ्यातून बाहेर राहावयास गेले, घरी दूरचित्रवाणी आली आणि कोपऱ्यावरचे चित्रपटगृह बंद पडले. फरक एवढाच की, तेथील उपनगराला आधी चित्रपटगृह लाभले आणि मग ते गेले. पुण्याच्या अनेक नव्या उपनगरांत आणि त्यांच्या सीमेवरील गावांत ते मुळात आलेच नाही.

मॉलमधील पडदा

१९९७ साली दिल्लीच्या साकेत भागात देशातील पहिले बहुपडदा चित्रपटगृह सुरू झाले. महाराष्ट्र शासनाने २००१ साली अशा संकुलांना करमणूक करात सवलत देणारे धोरण स्वीकारले. २००२ साली पुण्यात बंडगार्डन रस्त्यावर आयनॉक्सचे पहिले संकुल उघडले. त्यानंतर सातारा रस्ता, कोथरूड, हिंजवडी असा हा विस्तार उपनगरांतून होत गेला. पौड रस्त्याने येणाऱ्या प्रेक्षकाला आता लकडी पूल ओलांडण्याची गरज उरली नाही. अंतराच्या हिशेबाने पडदा कोळवणच्या कितीतरी जवळ आला.

परंतु अंतर हा हिशेबाचा एकच रकाना होय. दुसरा रकाना दराचा. बहुपडदा संकुलात पुढचे स्वस्त बाक नाहीत. घरचा डबा आत नेता येत नाही आणि आत मिळणारा खाऊ अनेकदा तिकिटाशी स्पर्धा करतो. चौघांच्या कुटुंबाला, जाण्यायेण्याचा खर्च धरून, एक चित्रपट शेतमजुराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीएवढा पडतो. म्हणजे किलोमीटरच्या मापाने जवळ आलेला पडदा रुपयांच्या मापाने दूर गेला.

फिरत्या चित्रपटगृहांवर याच सुमारास वेगळे संकट आले. २०१० नंतरच्या काही वर्षांत फितीची जागा संगणकीय प्रक्षेपणाने घेतली. फुजीसारख्या नामांकित कंपनीने २०१३ साली चित्रपटाची फीत बनविणे थांबविले. रिळांच्या पेट्या मिळेनाशा झाल्या. नवे यंत्र घेण्याची ऐपत सर्वांना नव्हती. महाराष्ट्रातील या तंबूंचे अखेरचे दिवस टिपणारा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात दाखविला गेला आणि जगाने वाखाणला. तंबूंची संख्या मात्र त्याने वाढली नाही.

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे सर्व चित्रपटगृहे बंद झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये ती निम्म्या आसनांवर उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा सुरू झाली. या दीड वर्षात माणसांना भ्रमणध्वनीवर चित्रपट पाहण्याची सवय जडली.

तरीही प्रेक्षक संपला असे म्हणता येत नाही. २०१६ साली ‘सैराट’साठी काही लहान गावांत मध्यरात्रीचे खेळ लावावे लागले. २०२३ साली ‘बाईपण भारी देवा’ पाहण्यासाठी स्त्रिया गटागटाने गेल्या. प्रेक्षक आजही एकत्र बसू इच्छितो; त्याला परवडेल अशी जागा मात्र उरलेली नाही, असाच निष्कर्ष यातून निघतो.

कर, कायदा आणि पंचायत

शासनाने आजवर चित्रपटाला साहाय्य केले नाही असे नाही. १९७५ पासून मराठी चित्रपटांना करपरताव्याची योजना लागू झाली. १९७७ साली गोरेगावला चित्रनगरी उभी राहिली. २०१५ साली बहुपडदा संकुलांनी मराठी चित्रपटांना मुख्य वेळेत पडदा द्यावा, असे ठरविण्यात आले. तथापि हे साहाय्य मुख्यतः चित्रपट निर्माण करणाऱ्याला आणि मोठ्या संकुलाला पोहोचले. लहान गावात पडदा टिकवून धरणारा मालक आणि त्यासमोर बसणारा प्रेक्षक हे दोघे त्या मानाने दुर्लक्षित राहिले. केरळ राज्याने १९७५ साली स्थापन केलेल्या चित्रपट विकास महामंडळामार्फत शासकीय चित्रपटगृहे चालविली. पडदा हीसुद्धा वाचनालयासारखी सार्वजनिक सोय असू शकते, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

पंचायत सदस्यांनी एक बदल विशेष ध्यानात घ्यावा. १ जुलै २०१७ पासून करमणूक कर वस्तू व सेवा करात विलीन झाला. मात्र २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतील ६२ वी नोंद अशी बदलली की, करमणुकीवरील कर यापुढे पंचायत, नगरपालिका आदी स्थानिक संस्थांनीच आकारावयाचा व वसूल करावयाचा. म्हणजे राज्याकडे असलेला हा विषय तत्त्वतः गावाकडे आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यावरील तिकिटावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. स्वस्त तिकिटाला इतकी सवलत यापूर्वी नव्हती. तथापि शंभर रुपयांच्या आत तिकीट देणारा पडदा गावाजवळ असेल, तरच या सवलतीचा गावाला उपयोग.

शिक्षकांनीही एक तरतूद जाणून घ्यावी. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, शैक्षणिक संस्थेच्या कार्यक्रमाचा भाग म्हणून चित्रपट दाखविला आणि प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक व त्या कार्याशी संबंधित व्यक्ती एवढेच असले, तर तो हक्कभंग ठरत नाही. शाळेत चित्रपट दाखविणे हे चोरून करण्याचे काम नव्हे. कायद्याने त्याला वाट ठेवली आहे. १९५५ साली स्थापन झालेल्या बालचित्र समितीने मुलांसाठी तयार केलेले चित्रपट आणि १९६४ पासून पुण्यात असलेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातील ठेवा, ही दोन्ही भांडारे २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या छत्राखाली आली आहेत. ज्या शहरात हा ठेवा आहे, ते कोळवणपासून काही तासांच्या नव्हे, एका एसटीच्या अंतरावर आहे.

गावाने काय करावे

पहिली गोष्ट जागेची. गावाचा विकास आराखडा आखला जातो तेव्हा रस्ता, पाणी, शाळा, दवाखाना, क्रीडांगण यांची आरक्षणे मागितली जातात. एका मध्यम सभागृहाची जागा क्वचितच मागितली जाते. शेजारच्या उपनगरांचा अनुभव असा की, जमिनीचा भाव चढल्यानंतर अशी जागा मिळत नाही. मग सभागृह येते ते विक्रीच्या दुकानांसह, खाजगी संकुलात आणि त्या संकुलाच्या दराने. जमीन अद्याप खाचरांच्या मोलाने मोजली जात असेल तोवरच हे आरक्षण सुचविणे शहाणपणाचे आहे.

दुसरी गोष्ट साधनांची. पूर्वी प्रक्षेपणासाठी मालमोटार आणि जनित्र लागे. आज एक लहान प्रक्षेपक, एक ध्वनिवर्धक आणि पांढरी भिंत पुरेशी आहे. पुष्कळ शाळांत प्रक्षेपक येऊन धूळ खात पडले आहेत. महिन्यातून एक शनिवार ठरवून शाळेने पालकांसह एक चांगला चित्रपट दाखवावा, नंतर अर्धा तास त्यावर बोलणे व्हावे. स्त्रियांसाठी वेळ त्यांच्या सोयीने, स्वयंपाक व गुरांची धार उरकल्यावर, ठेवावी. खुला वा तिकिटाचा खेळ करावयाचा असल्यास हक्कधारकाची अनुमती आणि जिल्हा प्रशासनाचा परवाना अवश्य घ्यावा.

तिसरी गोष्ट दृष्टीची. भ्रमणध्वनीवर हवा तो चित्रपट मिळतो, मग एकत्र बसण्याची गरज काय, असे तरुण विचारतील. वाचनालय असताना घरी पुस्तक वाचता येते आणि टाळ घरी असले तरी भजन देवळात होते. गावात अलीकडे बाहेरून राहावयास आलेली कुटुंबे आहेत, पिढ्यान् पिढ्या भात पिकविणारी घरे आहेत, कारखान्यांत कामाला येणारे परप्रांतीय कामगार आहेत. या सर्वांची लग्ने वेगळी, देव वेगळे, शाळाही आता वेगळ्या होऊ लागल्या आहेत. दोन तास एकाच गोष्टीवर हसण्या-रडण्याची जागा त्यांना मिळाली, तर ते एका गावचे रहिवासी होतील. नाही तर एकाच पिनकोडातील शेजारी राहतील.

प्रभात चित्रपटगृहाची वास्तू २०१४ च्या अखेरीस मूळ मालकांकडे गेली आणि पुढे तेथे किबे लक्ष्मी या नावाने पुन्हा खेळ सुरू झाले. नाव बदलले तरी पडदा राहू शकतो, हे त्यातून दिसले. उपनगरांनी चित्रपटगृह गमावल्यानंतर त्याची किंमत ओळखली. कोळवणला ती आधीच ओळखण्याची संधी आहे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत सभागृहाच्या जागेचा एक विषय घातला गेला, तरी आजच्या या विचारविनिमयाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.